सातव्या पानावरचा ठिपका

गुरुवारी सकाळी मी खाडीवरच्या नव्या वाटेवर उभा राहून खाली पाहत होतो. तिथे येणारे सगळे वर पाहतात, पक्ष्यांकडे. मला वर पाहायची फारशी सवय नाही. वाटेच्या उतारावर वाळलेल्या लव्हाळ्यांची एक लांब रेघ पडली होती. त्यात काड्या होत्या, पिसं होती, बुचाचे तुकडे होते आणि एका लहान मुलाची चप्पलही होती. भरतीचं पाणी जिथवर चढतं आणि मागे फिरतं, तिथे ते अशी रेघ सोडून जातं. मी गुडघ्यावर हात टेकून वाकलो आणि त्या रेघेपासून वाटेच्या काठापर्यंत मोजलं. एक वीत आणि वर चार बोटं.

त्या रेघेपासून वाट माणसाच्या उंचीहून वर असायला हवी होती. हे मला ठाऊक होतं, कारण त्या वाटेचा नकाशा मी काढला होता.

वाट बांधली आत्ता, गेल्या दोन महिन्यांत. पण तिचा आराखडा एकतीस वर्षांपूर्वीचा. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या पाच गावांनी मिळून तो करायला घेतला होता. काठावर हिरव्या जागा नऊ होत्या, पण सगळ्या सुट्या सुट्या: कुठे पुराचं गवताळ मैदान, कुठे लव्हाळ्यांची दलदल, कुठे बंद पडलेल्या रेल्वेचा झाडीने भरलेला बांध, आणि खाडीच्या मधोमध मिठागराचं ओसाड बेट. आमच्या कार्यालयाच्या तेव्हाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्या म्हणत, तुकडे नकोत, ओळ हवी. समुद्राच्या तोंडापासून वरच्या बंधाऱ्यापर्यंत एखादं कासव निघालं तर त्याला डांबरावर पाय ठेवावा लागू नये, असा त्यांचा हिशेब. कासव एवढं लांब कशाला जाईल, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

आराखडा मंजूर झाला आणि कपाटात गेला. बाई निवृत्त झाल्या आणि नंतर वारल्या. मीही निवृत्त झालो. मग तीन वर्षांपूर्वी तो अचानक बाहेर निघाला आणि एकेक तुकडा जोडला जाऊ लागला. शेवटी उरली होती रेल्वेच्या बांधापासून मिठागराच्या बेटापर्यंतची ही नऊशे मीटरची जोडवाट. शनिवारी तिचं उद्घाटन होतं. आणि त्या दिवशी वाटेवरून पहिली चालणार होती माझी लेक, ती शिकवते त्या तिसरीच्या वर्गातली चौतीस मुलं घेऊन.

मी परत बांधाकडे आलो आणि वर जायच्या पायऱ्या मोजल्या. नकाशात सहा होत्या. इथे एकोणीस होत्या.

कदाचित मला चुकीचं आठवत असेल, असं मी स्वतःला घरी येईपर्यंत सांगत होतो. माझ्यावर माझाच विश्वास कमी. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा मी माणूस. नोकरीत असताना एकदा एका पुलाच्या नकाशात चूक आहे म्हणून मी छपाई थांबवली होती. तीन आठवडे सगळे माझ्यासाठी खोळंबले आणि शेवटी चूक निघालीच नाही. तेव्हापासून मी तोंड उघडलं की कोणीतरी हळूच म्हणे, लांडगा आला रे आला. बाकी माझं नाव टाचणी होतं. मी सडपातळ होतो, आणि खिशाच्या पट्टीला कायम चार टाचण्या खोचलेल्या असत.

बायकोला मी जेवताना सांगितलं. ती म्हणाली की एकतीस वर्षांपूर्वीच्या पायऱ्या तुम्हाला आठवतात आणि काल आणायला सांगितलेला साबण आठवत नाही. नंतर तिने माझ्या ताटाकडे पाहिलं, मी काहीच खाल्लेलं नव्हतं, आणि तिचा आवाज बदलला. एवढं वाटतंय तर उद्या कार्यालयात जाऊन बघून या, म्हणाली. इथे बसून भिऊ नका, तिथे जाऊन भ्या.

मला कशाची भीती वाटत होती ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जमिनीची उंची मोजायची तर ती कशापासून मोजायची हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे शून्य कुठे धरायचं. जमीन मोजणारे लोक समुद्राची सरासरी पातळी शून्य धरतात. बंदरातले लोक तसं करत नाहीत. त्यांना जहाज चिखलात रुतू द्यायचं नसतं, म्हणून ते सगळ्यात खोल ओहोटीची पातळी शून्य धरतात. आमच्या खाडीत या दोन शून्यांत बरोबर दोन मीटरचा फरक आहे. म्हणजे एकच दगड जमिनीच्या नकाशात एक आकडा दाखवतो आणि बंदराच्या नकाशात त्याहून दोन जास्त. दोघेही खरे. फक्त एकमेकांत मिसळायचे नाहीत.

आराखड्याच्या वेळी बंदराकडून आलेली सात पानं आमच्या नकाशाला जोडायचं काम माझ्याकडे होतं. पानावरच्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा करायचे, नवा आकडा लिहायचा आणि पान पुरं झालं की डाव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा. हा ठिपका माझी स्वतःची पद्धत. म्हणजे पान तपासलं, आता डोळे मिटून वापरा. पुढे कार्यालयात म्हणच पडली, टाचणीचा ठिपका असला की बघायला नको. मी इतका भित्रा होतो की माझ्या ठिपक्यावर सगळ्यांचा विश्वास होता. साहजिकच होतं.

शुक्रवारी मी जुन्या नकाशांच्या खोलीत गेलो. खोली तळमजल्यावर आहे, लोखंडी खणांची लांब कपाटं, खिडकीला जाळी. नकाशे सांभाळणारी बाई मला ओळखत नव्हती. वहीत सही करा म्हणाली, आणि हात धुऊन या. तिने सातही पानं मोठ्या टेबलावर पसरून दिली आणि आपलं विणकाम घेऊन बसली.

सातव्या पानावर ठिपका होता. माझाच, जरा पसरट, पेन्सिल दाबून फिरवलेला. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीवर बसलो. मग मला मिठागराच्या बेटावरचा, उंची मोजायला रोवलेला खुणेचा दगड आठवला. सहाव्या आणि सातव्या पानाच्या कडा एकमेकींवर थोड्या चढतात, आणि तो दगड दोन्ही पानांवर येतो. मी दोन्ही पानं शेजारी सरकवली. सहाव्यावर दगडाची उंची दोन पूर्णांक सात लिहिलेली. सातव्यावर चार पूर्णांक सात.

मी सातव्या पानावरून बोट फिरवत गेलो. एकाही आकड्यापाशी खोडल्याची खूण नव्हती. सगळे आकडे बंदराचे, जसेच्या तसे. ठिपका मात्र दिलेला.

असं कसं झालं असेल, हे आठवायला मला फार प्रयत्न करावे लागले नाहीत. आजारपण नव्हतं, घाई नव्हती, घरी काही संकट नव्हतं. तसं काही कारण असतं तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात माझ्या टेबलाच्या खणात एक जाडी कादंबरी उघडी ठेवलेली असायची. खण निम्मा ओढून मी वाचायचो आणि कोणी आलं की पोटाने बंद करायचो. सातवं पान उशिरा आलं तेव्हा मी शेवटच्या पन्नास पानांत होतो. हाताखाली काहीतरी पुरं झाल्यासारखं दिसावं म्हणून मी ठिपका आधी दिला असणार, आकडे नंतर करू म्हणून. ती कादंबरी मला अजून प्रकरणवार आठवते. त्या पानाचं नंतर काय झालं ते आठवत नाही.

आता हिशेब सरळ होता. वाट बांधणाऱ्यांनी उंची मोजायला सुरुवात बेटावरच्या त्याच दगडापासून केली असणार. नकाशा म्हणतो दगड चार पूर्णांक सात, मग वाट त्याहून ऐंशी सेंटीमीटर खाली. त्यांनी अगदी चोख काम केलं. फक्त सगळी वाट दोन मीटर खाली बसली, आणि बांधापाशी येऊन पायऱ्या पुरेनात म्हणून तेरा वाढवल्या. नेहमीच्या भरतीचं पाणी वाटेच्या एक वीत खालून परत जात होतं, म्हणून अजून कोणाला कळलं नव्हतं. पण वर्षातली सगळ्यात मोठी भरती शनिवारी होती. ती तारीख मुद्दामच निवडली होती. मोठ्या भरतीत चिखलाच्या सगळ्या जागा बुडतात आणि पक्षी थव्याथव्याने बेटाजवळ गोळा होतात. मुलांना दाखवायला तोच दिवस चांगला.

मी भरतीचं कोष्टक मागवून पाहिलं. शनिवार, बारा वाजून वीस मिनिटं. वाटेवर गुडघ्याच्या जरा खाली पाणी येणार होतं. म्हणजे माझ्या गुडघ्याच्या. तिसरीतल्या मुलाच्या ते मांडीपर्यंत येतं, आणि ते उभं पाणी नसतं, ओढणारं असतं. वाटेला कठडा नाही, नुसता दोर आहे. दोराच्या पलीकडे चिखल, ज्यात मोठा माणूस कमरेपर्यंत जातो.

आताचा प्रमुख माझ्या हाताखाली शिकलेला. तेव्हा मी त्याला अरे-तुरे करत असे. आता त्याच्या दाराबाहेर बसलो तेव्हा मनातल्या मनात वाक्य तयार करत होतो आणि त्यात त्याला साहेब म्हणत होतो. त्याने मला आत घेतलं, चहा मागवला, काका, साहेब कसले म्हणता, म्हणाला. फोन सारखा वाजत होता. भिंतीवर आमचा जुना आराखडा चौकटीत लावलेला होता, नऊ हिरवे तुकडे आणि त्यांना जोडणारी रेघ. खाली बारीक अक्षरांत माझी आद्याक्षरं.

मी काय बोललो ते आठवून मला अजून लाज वाटते. मी म्हणालो की कदाचित, म्हणजे मी चुकत असेन, पण वाटेची उंची एकदा परत तपासली तर बरं, पायऱ्या जास्त वाटल्या. तो हसला, पण वाईट नाही हसला. बांध उंच निघाला काका, म्हणून वाढवल्या, तशी नोंद आहे, म्हणाला. आणि पानावर तुमचा ठिपका आहे, मी स्वतः पाहिलाय. मग पुलाची आठवण काढली. आजही आम्ही नव्या पोरांना ती गोष्ट सांगतो, म्हणाला. सोमवारी माणूस पाठवून तपासून घेऊ, तुमच्या समाधानासाठी.

ठिपका खोटा आहे, एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते माझ्या जिभेवर होते. पण ते बोललो असतो तर भिंतीवरची ती चौकट, मोठ्या बाईंची ती ओळ, माझी चाळीस वर्षं, सगळं एका झटक्यात खाली आलं असतं. मी चहा संपवला. सोमवारी चालेल, म्हणालो.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी दोनदा परत फिरलो आणि दोन्ही वेळा दारातूनच मागे आलो.

संध्याकाळी लेक आली. दोन गल्ल्या पलीकडेच राहते. टेबलभर पुठ्ठे पसरून त्यांवर पक्ष्यांची चित्रं चिकटवत बसली होती. मी तिला म्हटलं की उद्या जाऊ नकोस, पाणी वर येईल. तिने विचारलं की कार्यालय काय म्हणतं. मी खरं ते सांगितलं, की कार्यालय म्हणतं सगळं ठीक आहे. ती कातर खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागली. रागावली नव्हती, थकली होती.

"बाबा, मी लहान असताना तुम्ही मला झोक्यावर बसू दिलं नाहीत. सहलीला नाही, पोहायला नाही, सायकल तर नाहीच. तुम्हाला भीती वाटत नाही अशी एक गोष्ट सांगा, म्हणजे मी उद्या घरी बसते."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "माझी नाही वाटत त्यांना. खरं म्हणजे वाटायला हवी." लेक हसली आणि पुन्हा पुठ्ठे कापू लागली. मी तिच्यासमोर बसून गोंदाची बाटली धरून दिली. कोणाची चूक, ते तिलाही सांगितलं नाही.

शनिवारी मी साडेदहाच्या आधीच निघणार होतो. पण बूट घालून परत काढले, परत घातले. शेवटी बायकोने माझी काठी दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "अहो, चुकलात तर लोक हसतील. हसू देत. सवय आहे आपल्याला." मी जवळजवळ धावतच गेलो.

बांधावर चाळीस-पन्नास माणसं होती. फीत बांधलेली, दुर्बिणी गळ्यात, प्रमुख नवा कोट घालून. मुलं पायऱ्यांच्या तळाशी दोघादोघांच्या रांगेत उभी, सोबत दुसरी शिक्षिका. मी खाली उतरून आधी पाण्याकडे पाहिलं. गुरुवारी जिथे लव्हाळ्यांची रेघ होती तिथे आता काहीच नव्हतं. पाण्याने ती उचलून नेली होती. घड्याळात पावणेअकरा झाले होते. भरती पुरी व्हायला अजून दीड तास होता.

मग मी लेकीला शोधू लागलो. ती रांगेत नव्हती. दुसऱ्या शिक्षिकेने हाताने दाखवलं. पुठ्ठे दोराला अडकवायला ती पुढे गेली होती, मुलं चालत येतील तशी त्यांना वाटेत एकेक पक्षी ओळखता यावा म्हणून. वाटेच्या अर्ध्यावर, खूप लांब, एक निळा ठिपका दिसत होता. तिचा सदरा. तिची पाठ आमच्याकडे होती. तिचा फोन इथेच, मुलांजवळच्या पिशवीत होता.

प्रमुख कात्री हातात घेऊन फितीकडे निघाला होता. मी त्याच्या बाहीला धरलं. आयुष्यात मी कोणाच्या बाहीला धरलेलं नाही.

"अरे ऐक," मी म्हणालो. "सातव्या पानावरचा ठिपका खोटा आहे. मी वजाबाकी केलीच नाही. न करताच ठिपका दिला. त्या दिवशी मी खणात पुस्तक ठेवून वाचत होतो."

मी काल बोललो होतो तेव्हा त्याच्या तोंडावर जी माया होती ती हळूहळू उतरली आणि तिच्याखाली जे होतं ते मी ओळखलं, कारण ते मी दोन दिवस आरशात पाहत होतो.

"दगडाची उंची," तो म्हणाला. "ती मीच दिली त्यांना. परत मोजून घेऊ का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, ठिपका आहे."

"ती दोन मीटर जास्त आहे. माझी मुलगी पुढे गेलीय."

त्याने पाण्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. फीत कापली नाही. कात्री कोटाच्या खिशात टाकली आणि मुलांना हळू आवाजात, जणू खेळच आहे अशा सुरात, पायऱ्या चढून वर जायला सांगितलं. वर कोण आधी जातं ते बघू, असं काहीतरी. मग गमबूट घातलेल्या दोन कामगारांना बोलावून निळ्या सदऱ्याकडे बोट केलं. ते पळत सुटले. मी त्यांच्यामागे निघालो तर त्याने मला मागून कमरेला धरलं. काका, नको, म्हणत होता. मी ओढत होतो. मागे कोणीतरी हसलं, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला कौतुकाने पुढे जायचंय.

वाट मध्ये एका ठिकाणी जरा दबलेली होती, इकडून साधारण तीनशे मीटरवर. कामगार तिथे पोचायच्या आत पाणी तिथे आलं. लाट आली नाही, आवाज झाला नाही. वाटेचा करडा रंग एका जागी काळा झाला, मग चकाकला, आणि पलीकडचं पाणी अलीकडच्या पाण्याला मिळालं. माझी लेक आता त्या चकाकत्या पट्ट्याच्या पलीकडे होती आणि अजून पाठमोरीच, पुठ्ठ्याची गाठ मारत होती.

मी हाक मारली. ती तिथवर पोचलीच नाही. ती मुलं मात्र बांधावर पोचली होती आणि वरून त्यांना सगळं दिसत होतं. त्यांच्यातल्या कोणीतरी सुरुवात केली आणि मग चौतीस जणांनी वर्गात मारतात तशी एका सुरात, लांबवून, बाईंना हाक मारली. तिने मान वळवली. मी तिला पाण्याकडे बघताना पाहिलं. तिने पुठ्ठ्यांची पिशवी तिथेच टाकली आणि चालू लागली. धावली नाही. बरं केलं. धावली असती तर पाय सरकला असता.

कामगारांनी तिला पट्ट्याच्या मधोमध गाठलं. तोवर पाणी तिच्या नडग्यांपर्यंत होतं आणि वाट कुठे संपते ते नुसत्या दोरावरून कळत होतं. एकाने तिचा हात धरला, दुसरा दोराच्या बाजूने चालला. तीनशे मीटर. मी पावलं मोजत होतो आणि मध्येच आकडे चुकत होतो, परत पहिल्यापासून सुरू करत होतो. प्रमुखाचा हात अजून माझ्या कमरेला होता.

ती पायऱ्यांपाशी आली तेव्हा पहिली पायरी पाण्याखाली गेली होती. तिच्या हातात एक पुठ्ठा उरला होता, लांब चोचीच्या पक्ष्याचा, गोंद सुटून चोच लोंबत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. थेट वर गेली आणि मुलं मोजली. एकदा मोजली, दोनदा मोजली, मग खाली बसली.

पुढे तासभर कोणी घरी गेलं नाही. भाषणं झाली नाहीत. पाणी चढत होतं आणि मुलं पायऱ्या मोजत होती, दुसरी गेली, तिसरी अर्धी गेली. नऊशे मीटरची वाट दिसेनाशी झाली होती, नुसते दोराचे खांब पाण्यातून वर आलेले, आणि प्रत्येक खांबावर एकेक पक्षी. बेटाच्या अंगाला आकाश काळं व्हावं इतके पक्षी उठत होते आणि बसत होते. मुलांना याहून चांगलं दिसलं नसतं. ती खुशीत होती. त्यांना वाटलं, हाच कार्यक्रम.

बारा वीसला पाणी थांबलं. अगदी कोष्टकाप्रमाणे. मी जे मोजलं होतं ते बरोबर निघालं, आणि त्याचा मला जराही आनंद झाला नाही. मी डोळ्यांपुढे सारखी ती रांग बघत होतो, दोघं दोघं, त्या दबलेल्या जागेवर.

मोठ्या बाईंची ओळ पुन्हा तुटली होती. वाट उखडून वर उचलायची तर किती वर्षं लागतील, आणि कोणी करेल का, हे प्रमुखालाही माहीत नव्हतं. तो बांधावर माझ्याशेजारी येऊन बसला. नवा कोट चिखलाने भरला होता. चूक कळवायच्या पत्रात मी माझं नाव लिहीन, तुमचं नाही, असं तो म्हणाला. मी नको म्हटलं. दोघांचं लिही. त्याने मान हलवली.

लेक शेवटी माझ्याकडे आली. कोणीतरी तिला स्वेटर दिला होता, तो तिला मोठा होत होता. मी प्रमुखाला काय सांगितलं तेही तिला कळलं होतं. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता पुस्तकाबद्दल विचारेल, किंवा काल का सांगितलं नाहीत म्हणून विचारेल. तिने दोन्ही विचारलं नाही.

"बाबा, असे ठिपके आणखी किती पानांवर आहेत?"

चाळीस वर्षांतली पानं मी मनातल्या मनात मोजू लागलो. वरचा बंधारा. रुग्णालयाची नवी इमारत, पुराच्या मैदानालगतची. दोन शाळा, त्यांतली एक तिची. खणात त्या त्या वेळी कुठलं पुस्तक होतं तेही आठवायला लागलं, आणि ते मला नको होतं.

"तीनशेच्या वर," मी म्हणालो.

तिने स्वेटरच्या बाह्या हातावर ओढून घेतल्या. मग म्हणाली की सोमवारी तिची शाळा दुपारी सुटते. तुम्ही एकटे बसू नका तिथे. तुम्ही बघा, आणि तुम्ही बघितलेलं मी बघते.

सोमवारी नकाशे सांभाळणाऱ्या बाईने पुन्हा वहीत सही घेतली आणि हात धुवायला पाठवलं. या वेळी टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. मी पिशवी, चष्म्याची डबी, काठी, सगळं बाहेर ठेवलं. पुस्तक आणलं नव्हतं, तरी टेबलाचा खण नीट बंद आहे ना ते एकदा ओढून पाहिलं. मग लेक येईपर्यंत दम न धरता पहिलं पान उघडलं. वरच्या बंधाऱ्याचं. डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका होता, जरा पसरट, पेन्सिल दाबून फिरवलेला.